देवळाचं दार पूर्वेला

मी विलायतेला कधी गेलो नाही. पासपोर्ट नावाची वस्तू मी फक्त दुसऱ्यांच्या हातात पाहिली आहे. पण तिथल्या एका खेड्यात मी तुम्हाला आजही डोळे मिटून फिरवून आणीन. पुलावरून पलीकडे उतरलं की डाव्या हाताला बदकांचं तळं. तळ्याच्या काठाला कायम चिखल, म्हणून धोतर जरा उचलून चालायचं. पुढे वाकड्या धुराड्याचं घर. त्या घराच्या दारात एक बाई कमरेवर हात ठेवून उभी असते. तिच्याशी नजरानजर करायची नाही, कारण ती भांडकुदळ आहे. मग दगडी कुंपण, आत समाध्या, एक काळंभोर जुनं झाड, आणि या सगळ्यांच्या मधोमध चौकोनी मनोऱ्याचं चर्च. हे गाव मला इंदुरातल्या माझ्या घरमालकांनी दाखवलं. तेही तिथे कधी गेले नव्हते. त्यांची धाव खांडव्यापर्यंत.

तो मध्यभारताचा काळ. संस्थानं मोडून हे नवं राज्य झालं आणि राजधानी ग्वाल्हेरला ठेवावी की इंदूरला, यावर बराच मानापमान होऊन शेवटी तोड निघाली की हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर. मी सचिवालयातला अगदी खालचा कारकून, मूळचा ग्वाल्हेरचा. उन्हाळा लागला की फायली पेट्यांत भरायच्या, पेट्या गाडीत घालायच्या आणि त्यांच्या मागोमाग आपणही इंदुरात येऊन खोली शोधायची. सरकारनेच बिऱ्हाड पाठीवर घेतल्यावर आमच्यासारख्यांनी तक्रार कुणाकडे करायची?

राजवाड्यामागच्या एका बोळात खोली आहे असं कळलं म्हणून गेलो. ओट्यावर एक उंच, हडकुळे गृहस्थ काळी टोपी घालून उभे होते. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, पगार विचारला नाही, लग्न झालंय का हेही विचारलं नाही.

"ग्वाल्हेरात तुमच्या घराचं तोंड कुठे?"

मी गडबडलो. म्हटलं, "रस्त्याकडे."

"रस्त्याकडे तर सगळ्यांचंच असतं हो. पूर्वेला की पश्चिमेला?"

मला सांगता येईना. ते मागे वळून आत ओरडले, "अहो, हे बघा, ग्वाल्हेरहून आलेत आणि स्वतःच्या घराचं तोंड ठाऊक नाही. यांना खोली द्यायची कशी?"

आतून बाईमाणसाचा आवाज आला, अस्सल इंदुरी मराठीत, "दिशा विचारत नका बसू. माणूस उन्हात उभा है, आधी पाणी द्या."

अशी मला खोली मिळाली, पुढच्या सगळ्या उन्हाळ्यांसाठी. पुढे ते मला कायम 'ग्वाल्हेरकर' म्हणाले आणि मी त्यांना काका म्हणालो. त्यांचं स्वतःच्या घराबद्दलही मत चांगलं नव्हतं. घराचं तोंड पश्चिमेला. "आमच्या वडिलांनी एवढी एक चूक केली," ते म्हणायचे, "आणि मी आयुष्यभर त्या चुकीतून आत-बाहेर करतोय."

काका संस्थानच्या मोजणीखात्यात नकाशे काढायचे. 'आधी दिशा, मग गप्पा' हे त्यांचं ब्रीदवाक्य. आपण डावं-उजवं म्हणतो, ते शब्द त्यांच्या कोशातच नव्हते. पानावर बसले की "भाजी जरा दक्षिणेकडे वाढा", न्हावी दाढी करायला बसला की "वायव्येला एक केस राहिलाय". काकू सुरुवातीला चिडल्या असतील, पण मी पाहिल्या तेव्हा त्या पूर्ण तरबेज झाल्या होत्या. मला म्हणायच्या, "शेवेचा डबा घ्या ना, तो बघा, ईशान्येला, लोणच्याच्या मागे." एकदा आम्ही तिघं खजरान्याला गणपतीच्या दर्शनाला गेलो, तर काका रांगेतल्या एका म्हातारबुवांना सांगताहेत, "बाबूजी, थोडा उत्तर की तरफ सरकिए." म्हातारबुवा रांग सोडून निघूनच गेले.

संस्थान विलीन झालं तेव्हाची गोष्ट ते फारशी सांगत नसत. मला काकूंकडून कळली. नव्या राज्याचा नकाशा हवा होता, आणि जुन्या मूळ नकाशावरची संस्थानची हद्द काढून टाकायची होती. नकाशाच्या कापडावरची शाई पात्याने हळूहळू खरवडावी लागते. ती हद्द काकांनीच तरुणपणी आखलेली. खात्यातल्या दुसऱ्याला ते काम देतो असं साहेब म्हणाले, तर हे म्हणाले, "नको, दुसरा कापड फाडेल." सगळी हद्द स्वतःच्या हाताने खरवडली, कापड कुठेही फाटलं नाही, आणि लगेच निवृत्तीचा अर्ज दिला. मध्यभारताबद्दल ते एकच वाक्य बोलायचे: "राजधानी फिरती कशी असेल? सर्कस है का?" माझा पगार त्या सर्कशीतूनच येत असल्यामुळे मी गप्प बसायचो.

आता ते गाव. इंग्रज जायला निघाले तेव्हा इंदूरजवळच्या महूच्या छावणीत रोज कुणा ना कुणा साहेबाच्या सामानाचा लिलाव असायचा. काका तिथून नकाशे काढायचं एक भक्कम सागवानी टेबल घेऊन आले. घरी आणून खण उघडला तर आत एक फोटोंचा अल्बम. जाड काळी पानं, कोपऱ्यात खोचलेले फोटो, नाव नाही, गाव नाही. दुसऱ्या कुणी चाळून मुलांना खेळायला दिला असता. काकांनी भिंग काढलं.

निवृत्तीनंतरचा सगळा वेळ त्यांनी त्या अल्बमला दिला. कुठल्या फोटोत मागे कुठलं धुराडं डोकावतंय, ते दुसऱ्या फोटोत कुठे दिसतंय, पुलाचा कठडा चर्चपासून किती दूर, असं एकाला एक जोडत त्यांनी त्या गावाचा नकाशा तयार केला. फूट-इंचाच्या मापाने. दारातल्या भांडकुदळ बाईची उंची त्यांनी काकूंइतकी धरली होती, आणि सगळं गाव त्या मापावर उभं होतं. "म्हणजे एका परीने माझ्याच डोक्यावर उभं है," काकू म्हणायच्या. नकाशा इतका देखणा होता की सांगता सोय नाही. एकेक झाड, एकेक पायरी. वरच्या आळीला त्यांनी 'वरची आळी' नाव दिलं होतं, खालचीला 'खालची आळी'. चर्चला ते देऊळच म्हणायचे. एका लठ्ठ कुत्र्याचं नाव होतं जमादार.

दर रविवारी चहानंतर आमच्या बोळातले दोन-चार लोक, कधी माझ्या ऑफिसातले सोबती, गाव बघायला यायचे. आधी हात धुवायचे. पोह्यांचे हात फोटोला लागले तर काका माणसाला उठवून बाहेर काढायचे, मग तो मॅजिस्ट्रेट का असेना. मग नकाशा पसरायचा, सगळ्यांनी देवळाच्या दाराशी जमायचं, आणि फेरी सुरू.

"देवळाचं दार पूर्वेला," काका सुरुवात करायचे. "देव कोणताही असो, सूर्य उगवला की पहिला किरण त्याच्या पायावर पडला पाहिजे. हे झालं की बाकीचं गाव आपोआप जागेवर बसतं."

मग सगळं त्या हिशेबाने. दारावर ऊन आहे ना, म्हणजे ही सकाळ. ही बाई दारात सकाळी उभी आहे, म्हणजे दूधवाल्याची वाट बघतेय आणि त्याने उशीर केलाय. त्यांच्या गावात कायम सकाळ असायची. देवळाला उजवीकडे ठेवूनच फिरायचं, प्रदक्षिणा मोडायची नाही. कुणी घाईने पान उलटलं तर म्हणायचे, "भिया, कुंपणावरून उडी मारून कुठे चाललात? दरवाज्यातून या." मी हसायचो, पण खरं सांगतो, त्या खोलीतून बाहेर बोळात आलं की क्षणभर आपलंच गाव परकं वाटायचं.

फक्त दोन फोटोंपाशी ते अडखळायचे. एक त्या काळ्या झाडाचा. भर दुपारचा असावा आणि झाडाची सावली पडलेली दक्षिणेला. आता दुपारी सूर्य दक्षिणेकडे असतो, सावली उत्तरेला पडते, हे शाळेतलं पोरही सांगेल. त्यावर काकांचं उत्तर तयार होतं. "ज्येष्ठात आपल्या इंदुरात सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेला जातो की नाही? तेव्हा सावली दक्षिणेला पडते. फोटो ज्येष्ठातला है." लोक माना डोलवायचे. पण विलायत कुठे आणि इंदूर कुठे, तिथे कुठल्याच महिन्यात असं होत नाही, हे नकाशे काढून म्हातारे झालेल्या माणसाला कळत नव्हतं थोडंच? लोक गेल्यावर ते तो फोटो घेऊन एकटेच बसायचे. "ग्वाल्हेरकर, ही एक सावली मला खाते," असं त्यांनी मला एकदा सांगितलं.

दुसरा फोटो पुलाचा. पुलावरून एक माणूस आपल्या समोर येतोय, पाठीमागे देवळाचा मनोरा, हातात पिशवी, टोपी मागे सरकलेली, तोंडावर ऊन. काका त्याला 'निघालेला' म्हणायचे. "सकाळची वेळ, देवळाकडे पाठ, हातात पिशवी. हा गाव सोडून निघालेला. पुढे चला." एवढंच बोलून पान उलटायचे. आणि नेमक्या त्याच वेळी काकू उठायच्या. "दूध उतू जाईल," म्हणून आत जायच्या. चुलीवर दूध नसायचं, हे मला माहीत होतं, कारण चहा आधीच झालेला असायचा.

मी राहायचो ती खोली त्यांच्या मुलाची होती. एकुलता एक. काकांनी साहेबांना गळ घालून त्याच्यासाठी मोजणीखात्यात जागा ठरवली होती आणि त्याला जायचं होतं मुंबईला, जहाजावर. बापलेकांचं वाजलं. काका म्हणाले, संस्थानची नोकरी म्हणजे सात पिढ्यांची भाकरी. दुसऱ्या दिवशी सकाळी तो एक पिशवी घेऊन निघून गेला. सात पिढ्यांची भाकरी त्यानंतर दोन वर्षांतच संपली, पण ते ऐकायला तो कुठे होता? मुंबईहून एक-दोन कार्डं आली, मग तीही बंद झाली. काकू पहाटे उठल्या नव्हत्या, त्या दिवशी नेमका डोळा लागला होता. "मी त्याला जाताना पाह्यलंच नाही," हे त्यांनी मला एकदा भाजी निवडता निवडता सांगितलं, आणि पुढे दोघंही त्यावर बोललो नाही.

असं चाललेलं असताना एका रविवारी माझ्या ऑफिसातला महूचा टायपिस्ट फेरीला आला. पुढच्या आठवड्यात त्याने निरोप आणला. महूत एक म्हाताऱ्या मिससाहेब राहतात, शाळेत शिकवायच्या, इंग्रज गेले तरी त्या गेल्या नाहीत. टायपिस्ट लहानपणी त्यांच्याकडे इंग्रजी शिकला होता. त्याने त्यांना गावाचं वर्णन सांगितलं आणि त्या उठून उभ्याच राहिल्या. ते टेबल त्यांच्या भावाचं. त्या उन्हाळ्यात पचमढीला होत्या, तेव्हा विलायतेला निघालेल्या भावाने सामान विकलं आणि खणातला अल्बम टेबलाबरोबर गेला. गाव त्यांचंच. येत्या रविवारी त्या यायचं म्हणत होत्या.

तो आठवडा घरात सुतकासारखा गेला. काका जेवताना दिशा बोलेनात. काकूंनी स्पष्ट सांगितलं, "दुसऱ्याची वस्तू है. देऊन टाका आणि मोकळे व्हा."

"वस्तू त्यांची," काका म्हणाले. "गाव माझं है."

"गाव तर त्यांचंच म्हणताहेत ना?"

मी सुचवलं की स्टुडिओत नेऊन सगळ्या फोटोंच्या नकला काढून घेऊ, दोन दिवसांचं काम. काका माझ्याकडे असे बघायला लागले की मीच खाली बघितलं. "कुणाच्या घराची किल्ली आपल्याकडे चुकून आली, तर परत द्यायच्या आधी दुसरी पाडून घ्यायची का, ग्वाल्हेरकर?" अल्बम देणार हे त्यांनी ठरवलं होतं. दिल्यानंतर आपण काय करणार, हे मात्र त्यांना ठरवता येत नव्हतं. तो अल्बम गेला की त्या माणसाकडे दुसऱ्यांदा काहीच उरणार नव्हतं. संस्थान गेलं तेव्हा निदान हे गाव होतं.

रविवारी मिससाहेब टांग्यातून उतरल्या. लहानखुऱ्या, ताठ, पांढरे केस, हातात छत्री. टायपिस्टाने त्यांचा हात धरला होता. काकूंनी गूळ-पाणी ठेवलं. बाई हिंदी बोलत होत्या, छावणीतली, पण स्वच्छ. काकांनी अल्बम रेशमी रुमालात गुंडाळून ठेवला होता, तो सोडून त्यांच्या मांडीवर दिला. त्यांनी पहिलं पान उघडलं, फोटोवरून बोटं फिरवली, आणि तशाच बसून राहिल्या.

"आप बोलिए," त्या म्हणाल्या. "मेरे को अब दिखता नहीं. धूप और अँधेरा, बस इतना."

काकांना हे अपेक्षित नव्हतं. टायपिस्ट सोडून आम्हा कुणालाच नव्हतं. ते थोडा वेळ टोपी हातात घेऊन उभे राहिले. मग त्यांनी टोपी घातली, नकाशा पसरला आणि नेहमीच्या आवाजात, फक्त हिंदीत, फेरी सुरू केली. तळं आलं, चिखल आला. बाई हसल्या. म्हणाल्या, हो, तिथे कायम चिखल. वाकडं धुराडं आलं. दारातली बाई आली आणि काका तिच्या स्वभावाबद्दल जरा चाचरत बोलले. मिससाहेब म्हणाल्या, "बहुत झगड़ालू थी. हम बच्चे लोग दूसरे रास्ते से जाते." काकांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू विद्यापीठाने पदवी दिली. त्यांचा आवाज चढला. कुंपण, समाध्या, झाड. मला वाटतं ती त्यांच्या आयुष्यातली सर्वांत सुंदर फेरी होती. जन्मभर जे गाव पाहिलं नाही, ते त्या गावच्याच बाईला ते दाखवत होते, आणि तिला ओळखू येत होतं.

"अब हम मंदिर के सामने आ गए," काका म्हणाले. "दरवाज़ा पूरब को. सवेरे की धूप सीधी..."

"पूरब को दरवाज़ा नहीं है," बाई म्हणाल्या.

काका थांबले.

"पूरब को तो वेदी होती है. लोग पूरब को मुँह करके प्रार्थना करते हैं. इसलिए दरवाज़ा पश्चिम को. हमारे गाँव में नहीं, सब जगह ऐसे ही. महू में भी देखो."

इतकी वर्षं महूला जाऊन-येऊन हा माणूस एकाही चर्चच्या दाराची दिशा बघायला थांबला नव्हता. बघायची गरजच वाटली नव्हती, कारण देवळाचं दार पूर्वेला असतं हे त्यांना आईच्या दुधाबरोबर मिळालं होतं. टायपिस्ट जमिनीकडे बघत होता. ज्याने आयुष्यभर लोकांना भाजीची दिशा शिकवली, त्याचं सबंध गाव उलटं निघालं होतं. मला त्यांच्याकडे बघवेना.

काका नकाशावर वाकले. त्यांनी बोट झाडावर ठेवलं, मग सावलीवर. आणि मोठ्याने हसले.

"सावली बरोबर होती," ते म्हणाले. "सावली उत्तरेलाच पडतेय, ग्वाल्हेरकर. चुकलो तो मी."

मग त्यांनी टेबलावरचा सबंध कागद दोन्ही हातांनी धरून फिरवला, खालची बाजू वर. एकही घर हललं नाही, एकही पायरी चुकली नाही. फक्त कोपऱ्यातला दिशेचा बाण उलटा झाला. त्यांनी पातं घेतलं आणि तो बाण खरवडायला सुरुवात केली, अगदी हलक्या हाताने.

स्वयंपाकघराच्या दारातून काकू म्हणाल्या, "अहो, मग ती सकाळ नव्हे?"

"अँ?"

"दार पश्चिमेला. मग दारावरचं ऊन संध्याकाळचं ना?"

"हौ. संध्याकाळचं. सगळं संध्याकाळचं झालं."

"मग तो पुलावरचा?"

काकांचं पातं थांबलं. काकू आत आल्या, मिससाहेबांच्या समोर सतरंजीवर बसल्या, आणि मी पाहिलं की इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी स्वतः तो फोटो शोधून काढला. मोडक्यातोडक्या हिंदीत त्यांनी विचारलं, "बाई, ये पुल पे एक आदमी है. थैली है हाथ में. टोपी पीछे को गई है. ये कहाँ जाता है?"

"जाता नहीं," मिससाहेब म्हणाल्या. "आता है. वो हमारा बाप है. हमारा घर पुल के इधर था. शाम को काम से घर आता था. भाई को नया कैमरा मिला, तो दौड़ के गया, सामने खड़ा हो के फोटो खींचा. बाप बोला, पहले चाय, पीछे फोटो."

काकूंनी पदराने फोटोवरची धूळ पुसली, धूळ नव्हतीच.

चहा झाला. निघायची वेळ आली तेव्हा काकांनी अल्बम पुन्हा रुमालात गुंडाळला आणि बाईंच्या हातात दिला. बाईंनी तो छातीशी धरला. दारापर्यंत गेल्यावर त्या थांबल्या. म्हणाल्या, "आपने इतना सँभाला. एक फोटो आप रख लो. जो पसंद हो."

आम्ही सगळे काकांकडे बघायला लागलो. ते देऊळच मागणार यात शंका नव्हती. मनोऱ्याचा तो मोठा फोटो, ज्याच्यावर त्यांनी सगळं गाव उभं केलं होतं. काकांनी तोंड उघडलं, आणि त्यांच्या आधी काकू बोलल्या.

"वो पुलवाला."

बोलल्यावर त्यांच्याच लक्षात आलं आपण काय मागितलं. एका म्हाताऱ्या बाईकडे तिचा बाप मागितला. "नहीं नहीं," त्या घाईने म्हणाल्या, "वो तो आपके पिताजी, कोई दूसरा..."

मिससाहेबांनी हाताने त्यांना थांबवलं. त्यांना काय कळलं, किती कळलं, देव जाणे. घरात मुलाबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. त्या म्हणाल्या, "मेरे को दिखता नहीं. आपको दिखता है. आप रखो. शाम को देखना."

टांगा वळेपर्यंत काका ओट्यावर उभे होते. मग आत आले आणि भिंती मोजायला लागले.

फोटो कुठे लावायचा यावर त्यांनी दोन दिवस घेतले. काकू म्हणाल्या, देवघराजवळ लावा. काकांनी ऐकलं नाही. दाराच्या बरोबर समोरच्या भिंतीवर त्यांनी एक जागा ठरवली, खिळा ठोकला, फोटो टांगला, आणि आम्हाला संध्याकाळपर्यंत थांबायला सांगितलं. ऊन उतरलं. पश्चिमेच्या दारातून, वडिलांच्या त्या चुकीच्या दारातून, उन्हाचा एक पट्टा आत आला, जमिनीवरून सरकत भिंतीवर चढला आणि पुलावरच्या माणसाच्या तोंडावर येऊन थांबला. फोटोतलं ऊन आणि घरातलं ऊन एकाच बाजूने यायला लागलं. आपण मुलाला चुकीचं सांगितलं होतं, हे काकांनी तोंडाने कधीच कबूल केलं नाही. मला वाटतं त्यांनी ते त्या खिळ्याने कबूल केलं.

अल्बम गेल्यावर रविवारच्या फेऱ्या बंद झाल्या. काका नकाशाची गुंडाळी काखेत मारून अधूनमधून महूच्या गाडीत बसायचे, मिससाहेबांना त्यांच्या गावात फिरवून आणायला. अल्बम त्यांच्या कपाटात असायचा, पण तो काढावा लागत नसे. "आता आम्ही संध्याकाळीच फिरतो," त्यांनी मला सांगितलं. दूधवाल्याची वाट बघणाऱ्या भांडकुदळ बाईचं काय झालं, असं मी विचारलं. म्हणाले, "नवरा पिऊन येतो. त्याची वाट बघते. म्हणून तर भांडकुदळ है."

मग मध्यभारतही मोडलं. राजधानी भोपाळला गेली आणि आमच्या पेट्या शेवटच्या भरल्या. "दुसरं राज्य पुसलं," काका म्हणाले, "पण याची हद्द मी आखली नव्हती, त्यामुळे हात दुखला नाही." काकूंनी मला डब्यात दशम्या दिल्या आणि सकाळच्या गाडीने जाऊ दिलं नाही. म्हणाल्या, "सकाळी कुणी जायचं नाही या घरातून." मी एका दिवसाची रजा टाकली आणि रात्रीच्या गाडीने गेलो. नंतरही भोपाळहून कधी इंदूरला आलो की मुद्दाम संध्याकाळी त्या बोळात शिरायचो. काकूंची मान पहिल्यांदा दाराकडे वळायची, मग मी आहे हे कळायचं, आणि मग त्या खरंच मनापासून हसायच्या. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. त्या पहिल्या क्षणापुरता का होईना, मी कुणीतरी दुसराच असायचो.

त्यांचा मुलगा काकू असेपर्यंत आला नाही. पुढचं मला माहीत नाही.

शेवटचा गेलो तेव्हा काकू नव्हत्या. काका आतल्या खोलीत बाजेवर पडून होते, उठवत नव्हतं. बाहेरच्या खोलीत मी पायातल्या वहाणा काढल्या आणि सवयीने दार लोटायला गेलो, वारा येत होता. आतून आवाज आला.

"कोण? ग्वाल्हेरकर?"

"हो, काका."

"ऊन कुठवर आलंय?"

मी भिंतीकडे बघितलं. पट्टा पुलाच्या कठड्यावरून वर चढत होता.

"खांद्यापर्यंत आलंय," मी म्हटलं.

"मग दार लोटू नका इतक्यात," काका म्हणाले. "तो पोचायचाय अजून."